फिनिशिंगभाऊ

काही माणसांनी घर बांधायला काढलं की पाया, विटा, सळ्या यांच्याकडे त्यांचं लक्ष नसतं. गच्चीच्या कठड्याला कोणता रंग द्यायचा, यावर त्यांची झोप उडते. लग्न ठरलं की पत्रिकेतला मजकूर कोणीही लिहो, तिची किनार सोनेरी की मरून हा प्रश्न ते स्वतःच्या अंगावर घेतात. मूळ वस्तू होईलच हो, ती काय कोणीही करतं, असा त्यांचा एकूण विश्वास असतो. आमच्या नागपूरच्या जरीपटक्यात या जातीचा एक अस्सल नमुना राहतो. त्याचं पाळण्यातलं नाव आता वीजबिलावर तेवढं उरलं आहे. गल्ली त्याला फिनिशिंगभाऊ म्हणते, आणि तो त्या हाकेला ओ देतो.

त्याच्या आईचं म्हणणं, पोट्टा जन्मतःच असा. शाळेत बाई शुद्धलेखन सांगायला लागल्या की हा समास आखायला घ्यायचा. आधी लाल रेघ, तिच्या शेजारी निळी. निळी रेघ लाल रेघेला शेवटपर्यंत समांतर गेली का, हे वही डोळ्यांसमोर आडवी धरून पाहीपर्यंत बाई शेवटचा पूर्णविराम सांगून मोकळ्या झालेल्या असायच्या. आज तो एका सरकारी कचेरीत लेखा विभागात आहे. त्याच्या फायलींच्या फिती सबंध कचेरीत सगळ्यांत सुबक बांधलेल्या असतात. इतक्या, की त्यातल्या काही कित्येक वर्षांत कोणी सोडलेल्या नाहीत.

तर या भाऊने मार्च महिन्यात जाहीर केलं की घरी व्हिडिओ गेमची पेटी बनवायची. टीव्हीला जोडायचं खेळणं नव्हे. उभी, पुरुषभर उंचीची, पार्लरमध्ये असायची तशी. वरती नावाची पाटी, मध्ये तिरपा पडदा, खाली दांडा आणि बटणं.

आता अशी पेटी घरी करणं हे पूर्वीइतकं अशक्य राहिलेलं नाही. जुन्या काळी एका पेटीत एकच गेम असायचा आणि त्याचा बोर्ड खास त्या गेमसाठी घडवलेला असायचा. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 'मेम' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. ते साध्या संगणकावर त्या जुन्या बोर्डांची नक्कल करतं. २०१२ मध्ये तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय आला आणि तो संगणकही पेटीच्या कोपऱ्यात दिसेनासा झाला. भाऊचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने सीताबर्डीतून एक वापरलेला मॉनिटर आणला, दांडे-बटणं कुरिअरने मागवली, आणि पोटातलं सगळं काम पंधरवड्यात उरकलं. लकडगंजातून प्लाय आली, त्यावर सनमायका चढला, मिस्त्रीने बाजूचे दोन पल्ले नीट वळणदार कापून पेटी उभी केली. एप्रिलच्या मध्यावर हॉलमध्ये गेम सुरूसुद्धा झाला. राहिली होती फक्त काठाची पट्टी.

'फक्त' हा शब्द मी इथे लिहितो आहे. त्याच्यासमोर कोणी वापरू नये.

पल्ल्याचा काठ म्हणजे प्लायचे थर दिसतात ती उघडी कड. तिथून फास लागते, ओल शिरते आणि बघणाऱ्याला कळतं की आत लाकूड आहे. ती झाकायला आपल्याकडचे सुतार सागाची पट्टी मारतात नाहीतर पीव्हीसीचा एज बँड चिकटवतात. परदेशी पेट्यांना मात्र वेगळीच चीज असते, टी-पट्टी. आडव्या छेदात ती इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची दिसते. वरचा पसरट भाग काठावर बसतो, आणि मधली शेपटी लाकडात कोरलेल्या खाचेत ठोकून घुसवायची. शेपटीला तिरपे दाते असतात, त्यामुळे ती आत जाते, बाहेर येत नाही. ना फेविकॉल, ना खिळा. ही गोष्ट मला भाऊने सांगितली तेव्हा त्याच्या हातात टी-पट्टीचा वीतभर तुकडा होता आणि बोलता बोलता तो ती माझ्या गालावरून फिरवत होता.

"डोळे मिटा नं दादा. आता सांगा, कसं वाटून राहिलं?"

प्लास्टिक फिरवल्यासारखं वाटत होतं. मी "छान" म्हणालो.

"ही मॅट आहे. आता ही बघा, ही ग्लॉसी." दुसरा गाल.

त्याच्याकडे कापडी पिशवी होती. तिच्यात काळी मॅट, काळी चकचकीत, लाल, निळी, चंदेरी, सागाची, एज बँडच्या जाड्या-पातळ फिती, दाराचं रबर, कुठल्याशा फ्रिजचं गॅस्केट असे तुकडे, प्रत्येकावर चिठ्ठी. चिठ्ठीला लाल रेघेची चौकट. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ही पिशवी दाखवली जायची. विम्याचा हप्ता मागायला आलेला माणूससुद्धा डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून सोफ्यावर बसलेला मी पाहिला आहे.

भाऊचा एक इतिहासही आहे आणि तो पूर्णपणे काठाच्या बाजूने लिहिलेला आहे. नाणं टाकून खेळायचा जगातला पहिला विकाऊ व्हिडिओ गेम म्हणजे 'कॉम्प्युटर स्पेस'. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी केलेला, १९७१ सालचा. त्याची पेटी फायबरग्लासची होती, गोलाईदार, सलग. तो फारसा चालला नाही. लोकांना खेळायला अवघड गेला, असं कारण सगळे देतात. भाऊला ते मान्य नाही.

"काठच नव्हता नं त्याले! अख्खी पेटी गुळगुळीत. माणसानं हात ठेवावा कुठं? मंग १९७२ मध्ये त्याच लोकांनी 'पाँग' काढला. लाकडी खोका. चालला का नाही चालला?"

चालला, हे खरं आहे. त्यावरून पुढचा अर्थ काढायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

अडचण सुरू झाली ती जाडीपासून. प्लाय घेताना १९ मिलीची म्हणून घेतली होती. भाऊने घरी येऊन कॅलिपर लावला तर ती जेमतेम १८ भरली. दुकानदार म्हणाला, सगळीकडे अशीच येते, आणि यात तो खोटं बोलत नव्हता. १८ वर दोन्ही अंगांनी एकेक मिलीचा सनमायका चढला, झाले २०. टी-पट्टी मिळते ती पाऊण इंची, म्हणजे १९ मिली. राहिला एक मिली. हा एक मिली म्हणजे दोन्ही कडांना अर्धा-अर्धा, आणि तेवढ्यातून सनमायकाच्या पोटातली ती तपकिरी-काळी रेघ दिसते. सनमायका वरून कोणत्याही रंगाचा असो, कापला की आतून तसाच निघतो. घराघरांतल्या किचन ट्रॉल्यांना ती रेघ असते, आपण त्याच ट्रॉल्यांतून चमचे काढतो आणि जगतो. भाऊला ती रेघ रात्री दिसायची.

मग २२ मिलीचा एज बँड लावून बघू, असं ठरलं. तो दोन मिली जास्त. जादाचा भाग ट्रिमरने तासावा लागतो, तासताना हात जरा हलला की सनमायकावर ओरखडा. शिवाय एज बँड चिकटवलेला असतो. "चिकटवलेलं काय, कधीतरी निघतेच," असं भाऊ इतक्या खिन्नपणे म्हणाला की मला वाटलं तो लग्नसंस्थेबद्दल बोलतो आहे.

त्याच्या हिंडण्याला मग धरबंध राहिला नाही. कचेरी सुटली की इतवारी, इतवारीतून लकडगंज, तिथून सेंट्रल अव्हेन्यूवरून सदर, आणि रात्री कडबी चौकातून घरी. सगळीकडे एकच प्रश्न: काळी टी-पट्टी आहे का, २० मिली? दुकानदारांना वाटायचं माणूस ठेकेदार आहे, किमान हजार फूट घेणार. खुर्ची मिळायची, पाणी मिळायचं. हा सांगायचा, बत्तीस फूट. खुर्ची परत जायची.

जरीपटक्यातल्या आमच्या हार्डवेअरवाल्या साईंनी मात्र त्याला कधी उठवलं नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही वस्ती. साईंच्या वडिलांनीही असाच हातगाडीवर बिजागऱ्या आणि कड्याकोयंडे मांडून धंदा सुरू केला होता. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांच्या पुढच्या पिढीला अर्ध्या मिलीचं दुःख कितपत कळावं? पण साईं शांतपणे ऐकून घेतात. रविवारी सकाळी दुकानात दाल-पकवान येतं, त्यातला अर्धा पकवान तोडून भाऊच्या हातात देतात आणि म्हणतात, "साईं, बॉर्डर ग्राहक देखता है, माल मालिक देखता है. तू मालिक है के ग्राहक?" भाऊ पकवान खातो. खाण्याआधी त्याची कड बघतो.

एप्रिल संपता संपता एक नवाच शोध लागला. त्याच्या कचेरीतल्या जुन्या टेबलाला टी-पट्टीच होती! वर्षानुवर्षं हात टेकायचे त्याच्या खाली, आणि कधी ध्यानात आलं नव्हतं. कंटाळलेल्या कारकुनांच्या पिढ्यांनी नखं घालून ती ठिकठिकाणी उचकटलेलीही होती. भाऊने दुपारच्या सुट्टीत फूटभर ओढून बाहेर काढली, दाते तपासले, खाचेची खोली पट्टीने मोजली आणि परत बसवायला गेला. ती बसेना. साहेब केबिनमधून बाहेर आले तेव्हा एक वरिष्ठ लेखा लिपिक टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शासकीय मालमत्तेला बुटाच्या टाचेने ठोकत होता. यावर लेखी काही झालं नाही. पण त्या टेबलाची जाडी २५ मिली होती, म्हणजे सगळी बेअब्रू फुकट गेली, याचं त्याला जास्त लागलं.

मे उजाडला. नागपुरात मे उजाडतो म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४५-४६ वर, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही, घराघरांत खसच्या ताट्यांचे कुलर धडधडत असतात. पेटी नेमकी कुलरच्या झोतात होती. ओली हवा प्लायच्या उघड्या काठांतून आत शिरायला लागली आणि तळाशी एका कोपऱ्यात थर किंचित फुगले. वहिनींनी ते दाखवलं तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता तरी काहीतरी लावेल.

"आता तर लावताच नाही येत," भाऊ म्हणाला.

का, तर प्लास्टिक तापलं की लांबतं. पीव्हीसीची सोळा फुटी पट्टी घ्या. नागपुरात मेची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांत पस्तीस अंशांचं अंतर सहज पडतं. तेवढ्या फरकाने ती पट्टी साधारण एक सेंटिमीटर लहान-मोठी होते. लाकूड उष्णतेने जवळपास हलत नाही. मे महिन्यात ठोकली तर डिसेंबरात जोडाशी फट पडणार. डिसेंबरात ठोकली तर मेमध्ये फुगून वळणावर उचलणार. त्याने हे गणित हिशेबाच्या वहीत दोन रेघांच्या चौकटीत मांडलं होतं आणि मी तपासलं, ते बरोबर होतं. या जातीच्या माणसांचा हाच ताप आहे. ती चुकीची नसतात. चुकीची असती तर चारचौघांत सांगून सुटका तरी झाली असती.

"मंग लावायची कधी?" वहिनींनी विचारलं.

"ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सकाळी. ना उन्हाळा, ना हिवाळा."

वहिनी एका शाळेत गणित शिकवतात. त्यांनी मेपासून ऑक्टोबरपर्यंत बोटं मोजली आणि मग आत जाऊन एक साडी घेऊन आल्या. टसरची, करवती काठाची. आमच्या विदर्भाचीच ही विणकाम-परंपरा, भंडाऱ्याकडच्या मागांवरची. काठाला करवतीसारखे दाते, आणि काठाचे धागे अंगाच्या धाग्यांत अडकवून विणलेले, त्यामुळे काठ कधी सुटत नाही.

"ही मी गांधीबागेत घेतली. दुकानात शिरून बिल होईपर्यंत अर्धा तास लागला नाही. दोन लग्नांत नेसली, एकदा नणंदबाईंनी मागितली, त्यांनी नेसली, परत आली. अन् तुमची पेटी अजून नागडीच उभी हाये."

भाऊने साडी हातात घेतली. पदर बाजूला सारला, काठ उलटा केला, दाते बघितले, अंगठ्याने दाबले. "बघा नं दादा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "यानं काठ आधी ठरवला असन, मंग साडी." वहिनींनी साडी त्याच्या हातातून काढून घेतली.

दरम्यान पेटी रिकामी राहिली नव्हती. बटणांच्या फळीवर इस्त्रीचे कपडे ठेवले जात. वरच्या पाटीवर कुरड्यांचा डबा गेला. आणि दुपारी गल्लीतली पोट्टी यायची, सिंधी, मराठी, सगळी मिसळ. भाऊ कचेरीत, वहिनींना सुट्टी, कुलर चालू, पेटी चालू. काठाच्या फासा लागू नयेत म्हणून वहिनींनी बाजूंना जुन्या ओढणीच्या चिंध्या गुंडाळून दिल्या होत्या. भाऊ यायच्या आत त्या काढून ठेवायच्या, अशी पोरांना ताकीद होती.

खेळायची काय, तर 'मुस्तफा'. या गेमचं कागदोपत्री नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण त्यातल्या पिवळ्या टोपीच्या मुस्तफावरून आपल्या देशाने त्याचं बारसं परस्पर उरकलं. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा, मूळ नाव सांगता येणार नाही, पण तिसऱ्या स्टेजला काय येतं ते सांगेल.

भाऊला तर सगळंच सांगता येतं. कुठल्या पिंपात जेवण आहे, कुठल्यात बंदूक, कुठून उडी मारून लाथ घालायची. पण एक गोष्ट मला खटकत होती. पेटी सुरू झाल्यापासून त्याला दांड्यावर बसलेला मी पाहिला नव्हता. भाचा खेळायचा, मी खेळलो, विमेवाल्यानेसुद्धा एक डाव टाकला. भाऊ आपला पल्ल्याशेजारी उभा, हात कडेवर, आणि तोंडाने: "वरून मार! अबे, मागून येऊन राहिला तो! चाकू उचल, चाकू!"

एकदा मी म्हटलं, या, बसा. तो बसला, पहिल्याच रस्त्यावर तीनही जीव घालवून उठला आणि पुन्हा कडेला जाऊन उभा राहिला. तिथे त्याला बरं वाटत होतं, हे अगदी दिसत होतं.

मग हळूहळू उलगडलं. शाळेमागे एका अरुंद दुकानात चार पेट्या होत्या. रुपयाला एक टोकन. भाऊच्या घरी शाळेची फी वेळेवर भरली जायची, हीच चैन होती. टोकनाची गोष्ट काढायची सोय नव्हती. मग ज्याच्याकडे टोकन असेल त्याच्या बाजूला उभं राहायचं, पल्ल्याचा काठ घट्ट धरायचा म्हणजे मागचे ढकलणार नाहीत, आणि सल्ला द्यायचा. सल्ला चांगला असला तर जागा टिकते. वर्षभरात त्याची त्या जागेवर अशी मालकी झाली की खेळणारे बदलायचे, हा कायम. म्हणजे दांडा त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. पेटी त्याने काठाने ओळखलेली. मला विचाराल तर त्याच्या पिशवीतल्या तुकड्यांबद्दल माझ्या मनात आदर पैदा झाला तो या दिवशी. पण आदर वेगळा आणि फुगलेली प्लाय वेगळी.

"तीच पट्टी पाहिजे नं मले," भाऊ म्हणाला. "काळी. रबरी. मऊ."

हे चालू असताना मिस्त्री तळाचा फुगलेला कोपरा बघायला आला होता. साठीच्या पुढचा, छिंदवाड्याकडचा माणूस, कानाला पेन्सिल. त्याने कोपरा ठोकून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "कौनसा पार्लर, साहब? स्कूल के पीछेवाला?"

"हां."

"वो चारों पेटी तो मेरे उस्ताद ने बनाई थी. पट्टी मैंने ही मारी."

खोलीत फक्त कुलरचा आवाज उरला. भाऊ खुर्चीवरून उठला. "मंग सांगा यांना! काळी रबरी टी-पट्टी होती का नाही?"

"टी-पट्टी?" मिस्त्री हसला. "अल्युमिनियम की चपटी पट्टी थी. स्क्रू मारके. रबर कहाँ से लाते?"

"अल्युमिनियम पांढरं असते. थे काळी होती. मी रोज हात लावत होतो."

"तो काला वही था साहब. आप लोगों के हाथ का मैल."

यावर भाऊ काय बोलणार होता ते कळलं नाही, कारण मिस्त्रीने त्याचा उजवा हात धरून उजेडाकडे वळवला. अंगठ्याच्या मुळाशी एक जुना, सरळ, पांढरा व्रण आहे. आम्ही सगळे तो सायकलच्या चेनचा समजत होतो. भाऊही तसंच सांगायचा. मिस्त्रीने त्यावर नख फिरवलं. "ये पट्टी का है. वो कोना हमेशा उचकता था. मेरेको भी है." आणि त्याने स्वतःचा तळवा पुढे केला. दोन्ही व्रण एकाच जागी नव्हते. पण मिस्त्रीसमोर ते काढायची कोणाची छाती झाली नाही.

भाऊ दोन दिवस कुठल्याच दुकानात गेला नाही. मला वाटतं, त्या काळ्या मऊ पट्टीचा फोटो त्याने कधीतरी मोठेपणी संगणकावर पाहिला असावा, कुठल्यातरी अमेरिकी पेटीचा, आणि स्वतःच्या आठवणीला ती बसवून टाकली असावी, विना फेविकॉल, विना खिळा. आता त्याला अस्सल पेटी हवी असेल तर कोणाची अस्सल, जपानची, अमेरिकेची की शाळेमागची? या प्रश्नावर त्याने नवी वही घातली असती. समास आखून झालाही होता.

पण वहिनी आणि मिस्त्री यांचं परस्पर ठरलं. चपटी अॅल्युमिनियम पट्टी बाजारात सरळ २० मिली रुंदीची मिळते, आणि पल्ला बरोबर २० मिलीचा. ज्या एका मिलीपायी इतवारी पालथी घातली, तो सापडलाच नाही. अॅल्युमिनियम उन्हाने लांबतं, पण पीव्हीसीच्या निम्म्याहूनही कमी, आणि स्क्रूंच्या मध्ये जे काय थोडं हलायचं ते हलतं. वळणावर ती हाताने वाकते. आधी ड्रिलने भोकं पाडायची, नाहीतर प्लायचे थर फाकतात. टोकं कानसीने गोल करायची, या खेपेला कोणाचा अंगठा कापायचा नाही. बुधवारी भाऊ कचेरीत असताना मिस्त्री आला आणि दुपारच्या चहापर्यंत दोन्ही पल्ले बांधून गेला.

संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो होतो. भाऊ आला, डबा ठेवला, पेटीसमोर उभा राहिला. पोट्टी खेळता खेळता थांबली. त्याने डोळे मिटले आणि पट्टीवरून हात फिरवत खालून वर गेला, वळण घेतलं, पडद्याच्या बाजूने खाली आला. वहिनी दारात पदराला हात पुसत उभ्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"स्क्रू," तो म्हणाला.

"काय झालं स्क्रूले?"

"काही प्लस आहेत, काही गुणिले."

आम्ही वाकून पाहिलं. स्टार स्क्रूच्या डोक्यावर फुली असते. मिस्त्रीने घट्ट झाल्यावर जिथे थांबली तिथे सोडलेली. कुठे अधिकचं चिन्ह दिसत होतं, कुठे गुणाकाराचं, कुठे दोन्हींच्या मधलंच काहीतरी. वहिनींनी गणिताच्या बाई असूनही हा भेद आजवर पाहिला नव्हता. पोरांना मात्र लगेच दिसला आणि त्यांनी मोजायला घेतला.

"मिस्त्री सांगून गेला हाये," वहिनी म्हणाल्या, "अजून पिळले तर चुडी मरते."

"पाव फेरा, बस. पाव फेऱ्यानं काही होत नाही." स्क्रूड्रायव्हर त्याच्या शर्टाच्या खिशातच होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच चाललं आहे. पोट्टी मुस्तफा खेळतात, आणि भाऊ कडेला गुडघ्यावर बसून सगळ्या फुल्या अधिकवर आणतो. एक डोळा स्क्रूवर, एक पडद्यावर. "पिंप फोड! अबे त्यात जेवण आहे!" मध्येच एखादा स्क्रू पाव फेऱ्याच्या पुढे जातो, मग त्याच्या शेजारचा त्याच्याशी जुळवावा लागतो, मग समोरच्या पल्ल्यावरचा. परवा तर बॉस समोर आला असताना भाऊचं डोकं नेमकं पडद्याच्या आड आलं, दोघा पोट्ट्यांचे जीव एकदम गेले, आणि साईंचा नातू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, बाजूला व्हा नं, काही दिसून नाही राहिलं."

"दोनच राहिले," भाऊ म्हणाला, आणि वरच्या पाटीजवळचे बघायला खुर्ची ओढली.